मालधक्क्यावरचे बैल

पुण्यात हातगाडीवर केळ्यांखाली अंथरलेल्या सुक्या पानांचा वास आला, की मला सावद्याच्या स्टेशनावरचा मालधक्का आठवतो. आमची केळी तिथून वॅगन भरून दिल्लीला जायची आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बैलगाडी घडांनी लादून त्या धक्क्याला लागायची. पुढे ट्रक थेट मळ्यातच येऊ लागले आणि बैलांचं स्टेशनावर जाणं थांबलं. त्याच उन्हाळ्यात मावशीच्या लग्नाला आम्ही बैलगाडीतून फैजपूरला निघालो. आबांना डुलकी लागलेली, आम्ही बायकापोरी गप्पांत गुंगलेल्या. गाडी थांबली म्हणून पाहतो, तर समोर ओस पडलेला मालधक्का! फाट्यावर बैल आपल्या सवयीनं इकडे वळले होते, आणि आता जागचे हलत नव्हते. आई चिडली, "मुहूर्त टळून जाईन ना! हाका त्याहिले!" आबांनी चाबूक उचललाच नाही. म्हणाले, "गाडी खाली झाल्याबिगर ते नही हालाचे. उतरा समदे." आम्ही नव्या साड्या सावरत, एकेक करून केळीच्या घडांसारख्या धक्क्यावर उतरलो. तेव्हा कुठे बैलांनी माना झटकल्या आणि रिकामी गाडी वळवली. आबा मात्र त्यांच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. मुहूर्ताची आठवण पुन्हा आईनंच करून दिली. आबा गेले, बैलही गेले. अजूनही गावी गेले, की घरी जाण्याआधी मी त्या धक्क्यावर जाऊन उभी राहते. माझं तिथं काहीच काम नसतं.