यादी येईपर्यंतचा पाऊण तास

परवाच्या शुक्रवारपर्यंत ही गोष्ट मी कोणाला म्हणून सांगितली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथे मी मुलांच्या परीक्षा आणि माझी पाठदुखी एवढंच बोलत आलो. शुक्रवारी सांगितली. आज तुम्हाला सांगतो. सांगून टाकल्यापासून मला दोन्ही वेळा नीट भूक लागते, पडल्या पडल्या झोप येते, आणि इतकं बरं वाटतंय याची जरा लाजही वाटते. एवढं सोपं होतं, तर तीस वर्षं मी काय करत होतो?

गावाचं नाव लिहीत नाही. पांढरकवड्याच्या आसपासचं, हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेवरचं एक गाव समजा. दोष माझा आहे, गावाला कशाला त्यात ओढू? महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. आमच्या दवाखान्यातले फॉर्म मात्र अजून मध्यप्रदेशचेच; छापलेलं नाव लाल शाईनं खोडायचं आणि वर नवं लिहायचं, हे माझं सकाळचं पहिलं काम. मी तिथे कारकून होतो. गाव मला बाबू म्हणायचं. अक्षर चांगलं, रजिस्टरं स्वच्छ, कुठे शाईचा डाग नाही — याचा मला फार अभिमान. आता त्या अभिमानाकडे पाहिलं की हसू येतं, पण ते पुढे कळेल.

दवाखान्याला एक मोटार होती. मागे स्ट्रेचर, दोन बाकं, आणि चालवायला युसुफभाई. मोटारीची चावी माझ्या टेबलाच्या खणात. हे लक्षात ठेवा — चावी डॉक्टरांकडे नव्हती, युसुफभाईंकडे नव्हती. माझ्याकडे होती.

अपघात, मारामारी, कोणी भाजलं — जिथे पोलिसांचा संबंध येणार, तिथे आमची मोटार निघायची ती ठाण्याची यादी हातात पडल्यावर. यादी म्हणजे ठाण्याचं सहीशिक्क्याचं पत्र: अमुक ठिकाणी अमुक जखमी आहेत, त्यांना आणून उपचार करावेत. हा काही कायदा नव्हता. पडून गेलेली रीत होती. यादी नसली तर पुढे कोर्टात डॉक्टरांचा दाखला अडतो, म्हणून. तशी घाईच्या वेळी ठाण्यातून फोन यायचा, मोटार निघायची आणि यादी मागून यायची. दोन माणसांचं आपसात जमत असलं की सगळं चालायचं.

आमचं जमत नव्हतं. मी बाबू, आणि ठाण्यात नागोराव जमादार.

नागोराव मोठा दिलखुलास माणूस. आवाज खणखणीत, थट्टा करायची खोड. ज्या अपघाताची ही गोष्ट, त्याच्या महिनाभर आधी एका शेतातल्या मारामारीसाठी त्यांनी फोन केला, यादी मागून देतो म्हणाले, मी मोटार सोडली — आणि ते यादी द्यायची विसरले. कागद अडला, मला वरून मेमो आला. स्वच्छ रजिस्टरवाल्या बाबूला मेमो! मी तणतणत ठाण्यात गेलो. नागोरावांनी तिथल्या तिथे यादी लिहून दिली, पण देता देता सगळ्या शिपायांसमोर म्हणाले, "बाबू, कागदाबिगर मोटार सोडताच कायले तुम्ही?" सगळे हसले. तेही हसले. त्यांच्यासाठी गोष्ट तिथेच संपली. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आलो.

मी माणूस तसा वाईट नव्हतो, असं पुढचं वाक्य लिहिलं होतं. खोडलं.

अपघात झाला तोही शुक्रवारच, बाजाराचा दिवस. तांड्यावरची बंजारा माणसं — बायाच जास्त — एका ट्रकमध्ये उभ्यानं बाजाराला येत होती. गावापासून नऊ मैलांवर नाल्याच्या वळणाला ट्रक उलथला. मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकवाल्यानं पाहिलं. केसच्या भीतीनं त्यानं कोणाला उचललं नाही, पण येऊन ठाण्यात सांगितलं तरी. माझ्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा समोरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"बाबू, नाल्याच्या मोडीवर ट्रक उलथला. सात-आठ मानसं पडून हायेत. मोटार सोडा लवकर. ठान्यात मी एकटाच आहो, सारे बाजाराच्या बंदोबस्ताले गेले. यादी मागून देतो."

आणि मला काय वाटलं असेल? सात-आठ माणसं ऐकून छातीत धस्स झालं असेल? नाही हो. आनंद झाला. खोटं कशाला सांगू — मेमो मिळाल्यापासून ज्याची वाट पाहत होतो ते आयतं हातात आलं, असा आनंद झाला. मी अगदी शांतपणे म्हणालो, "कागदाशिवाय मोटार कशाला सोडायची, जमादार?"

पलीकडून, "बाबू, हे काय बोलून राह्यले तुम्ही?" त्या आवाजात थट्टा नव्हती. मी फोन ठेवून दिला.

डॉक्टर वीस पावलांवर पेशंट तपासत होते. युसुफभाई बाहेर लिंबाखाली मोटार पुसत होते. मी कोणाला सांगितलं नाही. रूळ घेतला, नव्या रजिस्टरात रेघा मारत बसलो. चार पानं झाली. अधूनमधून घड्याळ बघत होतो. मध्ये एकदा उठलोही — खरंच उठलो, खण उघडला, चावीला हात लावला. आणि मग वाटलं, आता सोडली तर नागोराव जिंकले. बसलो पुन्हा. फोन परत एकदा वाजला. तोही मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला.

नागोरावांनी ठाण्यासमोरच्या पानवाल्याला बाजारात पिटाळलं, एक शिपाई बोलावून घेतला, यादी लिहून त्याला सायकलीवर पाठवलं. बारा वाजून पाच मिनिटांनी तो घामाघूम होऊन दारात आला. पाऊण तास. यादी घेतली, वेळ टाकली, डॉक्टरांना हाक मारली, चावी दिली आणि स्वतःही मोटारीत बसलो. कारण आता मला घाम फुटला होता.

कोणी मेलं नाही. देवाची कृपा म्हणायचं धाडस मी करत नाही, पण कोणी मेलं नाही. गमलीबाई नावाच्या एका तरण्या बाईचा पाय ट्रकच्या फळीखाली चेचला होता. येताना मोटारीत तिचा पाय माझ्या धोतराच्या फाडलेल्या पट्टीनं मी दोन्ही हातांनी आवळून धरला होता. ती सारखी "याडी, याडी" म्हणत आपल्या आईला हाका मारत होती. तो पाय पुढे गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर हात धुताना म्हणाले, "जरा आधी आली असती तर वाचला असता." माझ्याकडे बघून नाही म्हणाले. नुसतं म्हणाले.

तांड्याच्या नायकानं अर्ज केला आणि चौकशीला यवतमाळहून एक साहेब आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या होत्या. नागोराव म्हणाले, अकरा वीसला फोन केला, बाबूंनी घेतला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गावातल्या गावातल्या फोनची नोंद कुठेच राहत नसे. माझ्या रजिस्टरात सुबक अक्षरात बारा पाच. पानवाल्याची साक्ष कोण घेणार?

"फोन आला होता?"

"नाही, साहेब."

झालं. एवढंच बोललो मी. डॉक्टरांनी माझ्या टापटिपीची ग्वाही दिली, बिचाऱ्यांना काय माहीत? नागोराव ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत साहेबांना म्हणाले, "बाबूले अजून एक डाव इचारा, साहेब." साहेबांनी विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. नसतो बोललो.

कळवायला उशीर केला म्हणून नागोरावांची जमादारी गेली. शिपाई करून त्यांना फुलसावंगीकडे धाडलं. ज्या दिवशी हुकूम आल्याचं कळलं, त्या दुपारी मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सुटलो! खोटं बोलणं पाऊण तासापेक्षा वाईट, आणि त्या दोन भाकरी खोट्यापेक्षा वाईट — मला आजही त्यांचीच सगळ्यात जास्त शरम वाटते.

पुढची गंमत ऐका. त्या प्रकरणानंतर, ठाणं आणि दवाखाना यांनी एकमेकांना कसं कळवायचं याची पद्धत बसवायला मलाच सांगितलं. मी बसवली. फोन आला की मोटार तत्काळ निघेल, यादी मागून. आणि फोन करणारा नि घेणारा, दोघांनी एकमेकांना वेळ मोठ्यानं सांगून आपापल्या रजिस्टरात तीच वेळ लिहायची. चांगली पद्धत होती. निवृत्तीपर्यंत माझी मोटार पुन्हा कधी कागदासाठी थांबली नाही. निरोपसमारंभात लोक त्यावर भरभरून बोलले, मी मान खाली घालून ऐकलं, आणि त्यांना तो विनय वाटला.

आणि गमलीबाई? ती कुबडी घेऊन बाजारात भाजी विकायला बसू लागली. दर हिवाळ्यात माझ्या घरी तुरीच्या शेंगा आणून द्यायची. "बाबू, तू नसता आला तं मी मेलीच असती," म्हणायची, आणि त्याच दमात नागोरावांच्या सात पिढ्या उद्धरायची. मी शेंगा घ्यायचो. बायको उकडायची. आम्ही खायचो.

परवाच्या शुक्रवारी ती आली ती रागात. धाकट्या मुलाची पोलिसात निवड झाली होती आणि तिनं त्याला साफ नाही म्हटलं होतं. "म्या म्हनलं, उपाशी राह्य, पन त्या जमादारासारखा होऊ नको. तू समजाव त्याले, बाबू. तुह्यं आइकते तो."

मी समजावणार? त्याला काय समजावू? समोर कुबडी भिंतीला टेकून ती बसली होती. मी म्हणालो, गमलीबाई, जमादारानं फोन लगेच केला होता. मोटार मी अडवली होती. चावी माझ्याकडे होती. आणि मग सगळं सांगितलं — मेमो, रेघा, साहेब, सगळं. भाकऱ्यासुद्धा. बोलताना थांबता येईना.

ती ऐकत राहिली. मी वाट बघत होतो की आता कुबडी उचलेल. उचलायला हवी होती, मला हवी होती. तिनं पायाबद्दल शब्द काढला नाही. विचारलं, "लगेच केलता त्यानं फोन?"

"लगेच."

"अन् म्या त्याले तीस वर्सं शिव्या देल्या." मग डोळे पुसले, पदरानं, रागारागानं. "जिता हाय का तो?"

जिवंत आहेत. सत्तरी उलटली आहे, फुलसावंगीला मुलाकडे असतात. हे मला माहीत होतं. एवढी वर्षं मी त्यांची खबर ठेवून होतो, आणि एकदाही गेलो नाही.

"मंग मले जाच लागते," ती उठत म्हणाली. "तू बी चाल. येकटी जाऊन मी काय सांगू त्याले?"

तिनं मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघतोय. बायकोला आज जेवताना सांगितलं. ती ताट तसंच ठेवून उठली. मला तरीही हलकं वाटतंय. नागोरावांनी दारातून हाकललं तर हाकलावं, तो त्यांचा हक्क आहे. त्याआधी एक काम आहे. तेव्हा मी व्हरांड्यात, चार लोकांसमोर बोललो होतो. उद्याही त्यांच्या मुलासमोर, सुनेसमोर, शेजारी जमले तर शेजाऱ्यांसमोर, मोठ्यानं बोलायचं आहे: फोन आला होता. मी घेतला होता.