त्या नऊ दुपारी वैनीचा पट्टा कुणी बांधला?

भूत, देवचार, चकवा… आमच्या वेंगुर्ल्याकडे अशा गोष्टी घरोघर ऐकायला मिळतात. मी त्या ऐकल्या, हसले आणि सोडून दिल्या. आज पंच्याऐंशी ओलांडली तरी तिन्हीसांजेला एकटी पाणंदीतून जायला मला काही वाटत नाही. त्यामुळे कुणाला घाबरवायला म्हणून हे लिहीत नाहीये. साठ वर्षं एक गोष्ट मनात सलते आहे. ती मला समजलेली नाही, आणि तिच्यात माझी चूक आहे — म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत.

साल एकसष्ट. माझं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. यजमान पोस्टात, आमचं बिऱ्हाड वेंगुर्ले बंदराजवळ. माहेर उभादांड्याला, चालत अर्ध्या तासावर. आईवडील गेलेले, भाऊ परदेशी बोटीवर, तो वर्षा-दीड वर्षाने यायचा. घरात वैनी आणि तिची पाच मुलं. मोठी शकू बारा वर्षांची, शेवटची जुळी तीन वर्षांची.

जुळ्यांच्या बाळंतपणानंतर वैनीचं पोट परत आत गेलंच नाही. बेंबीपाशी हर्निया, आणि त्याखाली कातडीची घडी मांड्यांपर्यंत लोंबायची. उन्हाळ्यात घामाने ती घडी आतून सोलवटून निघायची. बायका मुद्दाम विचारायच्या, आता कितवा महिना म्हणून. शेवटी भावाने पत्राने सगळं ठरवलं आणि मी वैनीला घेऊन बोटीने मुंबईला गेले. तिथल्या सर्जनने एकाच ऑपरेशनमध्ये हर्निया शिवला आणि ती जादा कातडीही काढून टाकली. कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाके! त्या काळी आमच्या गावात असलं ऑपरेशन कुणी ऐकलंही नव्हतं. साहजिकच बोलणं झालं — ही बाई रूप करून घ्यायला मुंबईला गेली.

महिनाभराने आम्ही परतलो. टाके निघाले होते, पण डाव्या टोकाला दोन बोटं जखम अजून उघडी होती, तिच्यातून पाणी यायचं. वॉर्डातल्या नर्सने मला सगळं शिकवून पाठवलं होतं. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, मऊ कापडाने टिपायची, पावडर, वर पट्टी. जिथे व्रण भरला आहे तिथे खोबरेल लावून बोटांच्या टोकांनी हलकेच चोळायचं, म्हणजे तो ताठ होत नाही. आणि वरून लांब कापडाचा पट्टा दोन वेढे घेऊन, टोकं एकमेकांत अडकवून मागे पाठीवर बांधायचा. ती गाठ मला जमायला तीन दिवस लागले होते. वैनीचा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. तिला वाकायची, बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी ओढायची, काही उचलायची बंदी होती.

मी रोज दुपारी जायची. मोठी मुलं शाळेत असायची, जुळी शेजारच्या रोझीमायच्या ओसरीवर. वैनी कुशीवर वळून पदर तोंडावर घ्यायची. आपलं पोट तिने ऑपरेशननंतर एकदाही बघितलं नव्हतं. माझं काम होईपर्यंत ती पदराआडूनच बोलायची.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी जखमेतून पू आला होता, वैनीला बारीक ताप होता. मी धुताना तिला दुखलं असावं. ती पदराआडून म्हणाली, "तुझा पोट फळीसारखा सपाट रवला. तुका काय कळतला माझा दुखणा?"

ती वेदनेत बोलली, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त माझं रिकामं पोट ऐकू आलं. मी पट्टा बांधून उठले आणि दारातून म्हटलं, "पोट कापून घेतलंस म्हणान रूप येवचा नाय, वैनी."

 मागे वळून न बघता मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, निरोप येईल. निरोप आला नाही, त्याचाही राग आला. असे नऊ दिवस गेले. यजमान दोनदा म्हणाले, जाऊन ये. मी काहीतरी सबब सांगितली. दहाव्या दिवशी सकाळी मात्र मनात आलं, पू आलेली जखम नऊ दिवस कुणी धुतली नसेल तर… मी तशीच निघाले. 

वैनी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. चेहरा चांगला, ताप नाही. मला बघून म्हणाली, "आज सकाळीच इलंस?"

मला वाटलं, टोमणा मारते आहे. ती आत जाऊन आडवी झाली, सवयीने पदर तोंडावर घेतला. मी पट्ट्याला हात लावला आणि थांबले. पाठीवर तीच गाठ होती. दोन वेढे, टोकं एकमेकांत अडकवलेली. मी बांधायची तशी… खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सफाईने.

पट्टी काढली. जखम भरली होती. दोन बोटांच्या जागी कोवळी गुलाबी कातडी. पूर्ण व्रणावर तेलाचा हात फिरलेला, तो मऊ पडलेला. परसात दोरीवर धुतलेल्या पट्ट्या वाळत होत्या.

"नऊ दिस रोज इलंस, पण तोंडातून शब्द काढूक नाय," वैनी म्हणाली. "आज तरी बोल गो. माझा चुकला."

 पहिला विचार आला तो रोझीमायचा — तिने केलं असेल आणि वैनी मला टोचून बोलत असेल. म्हणून मी एवढंच म्हटलं, "बोलतंय, वैनी." बस्स. तेवढ्या दोन शब्दांनी मी ते नऊ दिवस माझ्या नावावर करून घेतले.

बाहेर पडल्यावर रोझीमायला गाठलं. ती तिच्या ओसरीवर जुळ्यांना पेज भरवत होती. तिथून वैनीचं पुढचं दार आणि परसात जाणारी वाट दोन्ही दिसायची. तिने वैनीच्या पोटाला हात लावलेला नव्हता. उलट मलाच विचारू लागली, इतके दिवस का आली नाहीस. दुपारी कुणी आलं का, तर कुणी नाही. वैनीचा आवाज मात्र ती रोज ऐकायची. एकटीच बोलत असते, तापात बडबडत असेल, म्हणून रोझीमाय एकदा उठून बघायला गेली, तर वैनी पदर घेऊन शांत झोपलेली आणि घरात दुसरं कुणी नाही. संध्याकाळी शकूला विचारलं. ती म्हणाली, आई सांगते आत्या येऊन गेली, मी शाळेतून येते तेव्हा पट्ट्या धुतलेल्या असतात. शकूला ती गाठ येतच नव्हती, मी तिच्याकडून बांधून बघितली. आणि ती शिकवणारी नर्स मुंबईत.

त्यानंतर मी महिनाभर रोज गेले. खरं सांगायची रोज ठरवायची. रोज वैनी काहीतरी प्रेमाचं बोलायची आणि राहून जायचं. मे महिन्यात भाऊ आला. बायको सरळ चालताना बघून त्याचे डोळे भरले, मला म्हणाला, तू होतीस म्हणून झालं. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

सात वर्षांनी, अडुसष्ट साली, मी एकदा मनाचा हिय्या केला. मे महिनाच होता, आम्ही दोघी परसात कोकमासाठी रातांबे फोडत बसलो होतो. मी म्हटलं, वैनी, तुका एक सांगायचा आसा. ती म्हणाली, आधी माका सांगूंदे, कोणाक सांगूक नाय आजपर्यंत.

भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. रात्रभर तिला माझे शब्द ऐकू येत होते. मुलं शाळेत गेल्यावर, जुळ्यांना रोझीमायकडे सोडून, ती बावीच्या काठावर जाऊन उभी राहिली होती.

"पाय उचललंय," ती म्हणाली, "आणि मागसून तुझो हात इलो खांद्यार. थंडगार हात. काय बोलाक नाय तू. माका घरात हाडलंस, निजवलंस, जखम धुतलंस. माका लाज वाटली, मी तुझ्या तोंडाकडे बघूक नाय. पदर घेतलंय तो तू जाईपर्यंत. रोज तसाच. माका वाटायचा, इतक्या बोलून पण ही येता, मग मी कित्याक मरू?"

मग तिने विचारलं, तुका काय सांगायचा होता?

मी म्हटलं, काय नाय गो.

मी काय करायला हवं होतं? तो हात माझा नव्हता असं सांगून तिच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची? की ते सांगणंच माझं कर्तव्य होतं?  वैनी त्यानंतर तीस वर्षं जगली. मुलांची लग्नं केली, नातवंडं खेळवली. कुणी नवीन माणूस घरी आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, हिने माझं आतड्याच्या मायेने केलं. शेवटच्या आजारात मला जवळ बसवून घेतलं, तेव्हाही तेच. मी तेव्हाही गप्प राहिले.

आता भाचवंडांपैकी कुणी हे वाचलं आणि ओळखलं, तर ओळखू दे.

कुणी म्हणेल, तिने स्वतःच केलं असेल आणि तापात तिला भास झाला असेल. मग ती पाठीवरची गाठ? कुणी म्हणेल, तिची गेलेली सासू, म्हणजे माझी आई, आली असेल, देवी आली असेल. मी तसं म्हणू शकत नाही, कारण मला माहीत नाही. कोण आलं होतं, का आलं होतं, आणि माझ्याच हाताची रीत त्याला कशी ठाऊक होती — काहीच माहीत नाही. मला फक्त माझं माहीत आहे. ती बावीच्या काठावर उभी होती त्या दुपारी मी बंदराजवळच्या आमच्या बिऱ्हाडात, शेजारच्या दोघी बायकांना चहा देत होते, आणि वैनी चालताना कशी वाकते त्याची नक्कल करून दाखवत होते. त्या हसत होत्या. मीही हसत होते.