फेकलेली मेल

कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि मी भिंतीवरचं बटण बंद केलं. मेलचा प्रोग्रॅम तेव्हा फाईल आवळून लहान करत होता आणि 'संगणक बंद करू नका' असं पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. संध्याकाळी फाईल उघडेना. चार वर्षांच्या सगळ्या मेल त्या एकाच फाईलमध्ये.

आम्ही तेव्हा जांबे गावात भाड्यानं राहायचो. हिंजवडीतल्या कंपनीत मी खरेदी खात्यात होतो, पण घरी कॉम्प्युटर असल्यामुळे गाव मला इंजिनियर समजायचं आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. घरमालकीणबाईंना सगळे मावशी म्हणायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात क्रेन चालवायचा. फोन परवडत नाही म्हणून तो माझ्या पत्त्यावर मेल टाकायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून रविवारी ओसरीवर बसून मी वाचून दाखवायचो.

तो लिहायचा दोन ओळी. 'मी बरा आहे. बँकेत बघा.' एवढंच ऐकून मावशींचा चेहरा पडायचा, तो मला बघवेना. मग मी पदरचं घालू लागलो. आई, तुझ्या हातची भाकरी आठवते. आई, स्वप्नात आपली विहीर दिसली. मला वाटलं, फुकटचं पुण्य आहे.

मग तिकडेच एका अपघातात तो गेला. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले असताना मावशी म्हणाल्या, "सायेब, त्याची समदी पत्रं कागदावर काढून द्या. फोटोम्होरं ठिवीन." आणि त्याच आठवड्यात मी ते बटण बंद केलं होतं.

ऑफिसातल्या एकानं दुरुस्तीच्या प्रोग्रॅमची सीडी दिली. रविवारी दिवसभर तो प्रोग्रॅम फाईल चाळत बसला आणि संध्याकाळी मेल परत आल्या. मी बायकोसमोर अशी छाती काढली की जणू मीच तो प्रोग्रॅम लिहिला. मुलाच्या तेवढ्या मेल निवडल्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर छापल्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातल्या आणि मावशींच्या हातात दिल्या. न वाचता. आपण स्वतः काय फेकलं होतं ते माणूस विसरतो. त्या प्रोग्रॅमला मात्र हरवलेलं आणि फेकलेलं यातला फरक कळत नाही. तो दोन्ही परत आणतो.

श्राद्धाला मावशींची लेक सासरहून आली होती. जेवणं झाल्यावर तिनं फोल्डर उघडलं आणि ओसरीवर सगळ्यांदेखत वाचायला घेतलं. शेवटच्या कागदावर ती अडखळली, पण थांबली नाही.

"साहेब, आईला सांगा सुट्टी मिळाली नाही. खरं तर मिळालीय. पण घरी आलं की एकच विषय, जमीन विकायची का नाही. डोकं उठतं. मी मित्रांबरोबर इथंच राहतो. तिला कळू देऊ नका."

मावशींना 'सुट्टी मिळाली नाही' एवढंच सांगून ती मेल मी तेव्हाच पुसून टाकली होती. त्यानंतर दहाव्या दिवशी तो गेला होता.

 मावशी म्हणाल्या, "वरीसभर मी त्याच्या शेटला शाप दितीया. माझ्या लेकराला सुट्टी दिली न्हाई म्हनून." आणि लेकीला म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ दे. भाकरीचं वाच. हिरीचं वाच."

लेकीनं सगळे कागद पुन्हा पालथे घातले. "आये, ह्यात भाकरीबिकरी काय न्हाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "काही मेल परत मिळाल्या नाहीत, मावशी."

"मिळाल्या न्हाईत," लेक म्हणाली, "का लिवल्याच न्हाईत?"

खोटं बोलायला मला चार वर्षं कधी विचार करावा लागला नव्हता. त्या दिवशी जीभ उचलेना. "मी घालायचो," मी म्हणालो. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

मावशी रडल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या हसल्या. "म्हंजी भाकरी तुमाला पायजे हुती व्हय? मागायची की वो. दिली असती. माझा ल्योक म्हनून मी वरीसभर तुमच्यासाठनं रडले की." त्यांनी ते फोल्डर माझ्या मांडीवर ठेवलं. "घिऊन जा. ह्यातला त्यो माझ्या वळखीचा न्हाई."

मी खोलीवर आलो. बायकोनं दारातून सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "माझा हेतू वाईट नव्हता गं."

"हेतू घेऊन तुम्ही सकाळी बसमध्ये बसाल," ती म्हणाली. "नळावर त्यांच्या शेजारी मला उभं राहायचंय. उद्यापासून दुसरी खोली बघा."