पटातल्या फोटोची गोष्ट

दाजींच्या शोकेसमधली ती ढाल दाजींनी जिंकलेली नव्हती. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी सात वर्षं गप्प बसलो. स्वभावच तसा. घरात मला मुका मास्तर म्हणतात.

त्याचं असं झालं, मी खिशात मावणारा एक साधा डिजिटल कॅमेरा घेतला. उभ्या माणसाचा फोटो झकास यायचा. पळत्या वस्तूचं नाव काढलं की संपलं. बटण दाबलं की कॅमेरा आधी विचार करी, मग फोटो काढी. पिंगळीच्या स्टेशनावर इंजिन टिपायला गेलो तर तिसरा डबा आला. दुसऱ्यांदा नुसते रूळ, आणि पलीकडे एक शेळी. शेळी मात्र फार स्पष्ट.

चार-पाच रविवार घालवल्यावर दोन युक्त्या सापडल्या. बटण आधीच अर्धं दाबून ठेवायचं, म्हणजे त्याचा विचार उरकलेला असतो. आणि कॅमेरा गाडीबरोबर वळवत न्यायचा. गाडी स्वच्छ येते, मागचं सगळं फरफटतं. झालं, मी स्वतःला उस्ताद समजू लागलो.

पाथरीकडच्या एका गावात बैलांचा पट, म्हणजे छकड्यांची शर्यत होती. बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शेवटच्या फेरीत आले. समोर शेजारच्या गावचे एक म्हातारबाबा. दाजींनी पंचांना ठासून सांगितलं, "आमचे पाव्हणे रेघंवर उभे ऱ्हातील. मशीन हाय त्यांच्याकडं. भांडणच नको."

छकडे सुटले. गर्दी ओरडायला लागली आणि माझं बोट बटणावरून सुटलं. अर्धं दाबायचं राहूनच गेलं. जोड्या रेघेवर आल्या तेव्हा मी घाईनं पूर्ण बटण दाबलं आणि कॅमेरा बैलांबरोबर वळवत राहिलो. डोळ्यांनी मात्र लख्ख पाहिलं: बाबांचे बैल हातभर पुढे होते. रेघ ओलांडताच बाबांनी कासरा ओढला. दाजी हाणतच सुटले. आणि तेवढ्यात कॅमेऱ्याचा विचार संपला.

फोटोत दाजींचे बैल पुढे. रेघेचा पत्ता नाही, खाली सगळं फरफटलेलं. पंच एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

"दाजीचीच जोडी हाय की!"

"मास्तर, रेघंवरचाच हाय ना?"

मी मान हलवली. होकारार्थी. बाबा फोटोकडे बघून म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलंल?" आणि बैल सोडायला गेले. पंचांनी माईकवर दाजींचं नाव पुकारलं आणि ढाल त्यांच्या हाती दिली.

मशीन खोटं बोललंच नव्हतं. बोललो मी, तेही तोंड न उघडता.

गेल्या दिवाळीत जेवताना दाजींना सगळं सांगून टाकलं. ते चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"तोंडात धूळ गेलती माझ्या. फुडच्या गड्याच्या तोंडात धूळ जाती का?"

"मग बोलला का नाही?"

"तुमी मान हलवली. पाव्हण्याला खोटं कसं पाडावं?"

बहिणीनं ढाल शोकेसमधून काढून आमच्या पुढ्यात आदळली. "निघा दोघं. लाज कशी वाटली न्हाई इतके दिस पुसून ठिवायला?"

ढाल घेऊन आम्ही दोघं बाबांच्या गावी गेलो, तेव्हा ते अंगणात बैलांना घागरमाळा बांधत होते. मी सगळं सांगितलं, बटणासकट. त्यांनी ढालीला हातसुद्धा लावला नाही.

"मास्तर, मी काय माझ्या अंगणात हरलो होतो? माईकवर हरलो. सगळ्या शिवारानं ऐकलं. तुमीबी माईकवर सांगा."

त्यामुळे यंदाच्या पटात, दोन फेऱ्यांच्या मध्ये, मुका मास्तर माईकवर उभा राहिला. कॅमेरा उशिरा फोटो काढतो, मला ते ठाऊक होतं, ढाल बाबांची, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. मागून एकजण ओरडला, "दाजीला खाली बसवा आता!" आणि हशा उसळला. दाजी खरंच खाली बसले.

मी माईक ठेवून सटकणार, तोच बाबांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या काखेत आता ढाल होती.

"आनखी एकदा सांगा," ते म्हणाले. "तिकडं गडी बैलं धरून बसल्यात, त्यांना ऐकू गेलं न्हाई."