पाचवा पंच

अमरावतीच्या साहेबाचा हुकूम आला आणि आमच्या गावाची झोप उडाली. दूर देशी कुठंतरी लढाई पेटली होती, त्यामुळं विलायतेचा सगळा जीव आमच्या कापसावर आला होता. अकोट-अंजनगाव वाटेवर कापसाचा बाजार बसवायचा होता, आणि जे गाव एकमुखी पाच पंच उभे करील त्यालाच तो मिळणार होता. एकमुखी! आमच्याकडे पाटील घराण्याच्या दोन पाती. मी थोरलीचा, माझा चुलतभाऊ धाकटीचा. पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची जोडी जाणार, यावरून आम्ही बारा वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यालो नव्हतो.

बाजार शेजारच्या गावाला जाणार म्हटल्यावर मात्र दोघंही मुकाट्यानं मारुतीच्या पारावर येऊन बसलो. दोन पंच माझे, दोन त्याचे. मग कामांची वाटणी निघाली. बाजार मी घेतला, चावडी त्यानं. गावकुसाची राखण त्याला दिली, तर पोळ्याचा मान मी एक वर्षाआड मागून घेतला. तीन दिवस आम्ही लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यांसारखे वागलो. अडलं ते पाचव्यावर. तो माझा असला तर चुलतभावाला चालेना, त्याचा असला तर मला.

म्हणून मी रस्त्याकडेच्या पानमळ्यात गेलो. तिथला म्हातारा जातीनं बारी, ना इकडचा ना तिकडचा. वीस वर्षं राबून त्यानं तो मळा उभा केला होता, आणि त्याला दुसरं काही नव्हतं.

“मले काहून ओढता, पाटील?” तो म्हणाला. “मी आपला मळ्यात बरा आहो.”

“पाटाचं पाणी तुमच्या हाती देतो. मंग तुमच्या मळ्याले धोका कोणाचा?”

त्याची म्हातारी दारातून म्हणाली, “नोका जाऊ. मोठ्याईच्या पंगतीत आपलं काय काम?” मी हसलो. म्हातारा मात्र पाण्याच्या नावानं विरघळला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मारुतीसमोर विडा उचलला. आमच्याकडे विडा उचललेल्या पंचाला पंचांविरुद्ध तोंड नसतं. शब्द मोडला तर जातवाले विस्तव-पाणी बंद करतात. माझ्या मनात तेव्हा कपट नव्हतं, असं लिहायला मला आवडलं असतं. बाजाराला रस्त्यालगतची सपाट जागा लागणार, हे मला ठाऊक होतं. तशी जागा एकच होती, त्याचा मळा. म्हातारा बाहेर राहिला असता तर त्यानं अर्ज घेऊन अमरावती गाठली असती. पंच कुणाविरुद्ध अर्ज करणार?

साहेबानं आम्हाला पसंत केलं. पहिल्याच बैठकीत जागा ठरली. म्हातारा ताडकन उठला.

“पाटील, तुमी तर पाण्याचं बोलले होते!”

“पाण्याचंच बोललो,” मी म्हणालो. “जमिनीचं कुठं बोललो?”

चुलतभाऊ खो-खो हसला. बारा वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीवर हसलो, आणि मला ते गोड लागलं.

वेली हिरव्या असताना उपटल्या तर गावात हळहळ होईल, म्हणून आधी पाणी तोडायचं ठरलं. पाटाला हात लावायचा अधिकार पाण्याच्या पंचाचा, म्हणजे म्हाताऱ्याचाच. मी ही गोष्ट मुद्दाम सगळ्यांसमोर बोललो. वैशाखाच्या उन्हात म्हाताऱ्यानं स्वतः फावड्यानं माती ओढून आपल्या मळ्याचं तोंड बुजवलं. म्हातारी बांधावर बसून त्याला शिव्या देत होती, आम्हाला नाही. आठवड्यात वेलींचा वाळून काथ्या झाला.

बाजार भरू लागला तेव्हा साहेब आला. कोणाची तक्रार आहे का, त्यानं विचारलं. म्हातारा हात जोडून म्हणाला, “नाई सायब. गाव एक हाये.” साहेबानं आमच्या एकीची तारीफ केली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढच्या बैठकीत चुलतभावानं पाण्याचं काम मागितलं. ज्याला मळाच नाही, त्याला पाट कशाला, असं त्याचं म्हणणं. मला ते रास्त वाटलं. रिवाजाप्रमाणं पाचही पंचांना एकेक करून विचारलं. म्हाताऱ्याची पाळी शेवटी आली. तो खाली बघूनच “हाव” म्हणाला, आणि आमचं एकमत झालं.