गोजरबाईने खोडलेलं वचन

गोजरबाई मकासरेला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कामावरून काढल्याचा ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. तेव्हा मी पंच कमिटीचा चिटणीस होतो. आमच्या कमिटीत पाच माणसं होती आणि पाचांपैकी एकालाही, आपण कशासाठी त्या बाईचा न्याय करतोय, हे सांगता आलं नसतं. मी पाचांतलाच.

श्रीरामपूरपासून दोन कोसांवर आमची वाडी. गोजरबाई तिथली बायबलबाई. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, बाळंतिणीपाशी प्रार्थना करायची, मयताला बसायचं. विसाव्या वर्षी विधवा झाली आणि मिशनच्या शाळेत जाऊन वाचायला शिकली. शिकली ती अशी, की अक्षरावर बोट ठेवल्याशिवाय आणि अर्थ कळल्याशिवाय पुढे जायची नाही. आमचे पाळक रेव्हरंड रंगनाथ दुशिंग पानंच्या पानं तोंडपाठ म्हणत. बोट ठेवून वाचणाऱ्या बाईकडे ते कसे बघत असतील ते सांगायला नको.

तिच्याकडे शास्त्राच्या दोन प्रती होत्या. एक सासूची, फार जुन्या छपाईची. दुसरी नवी, सुधारून छापलेली. एकोणीसशे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ती दोन्ही शेजारी ठेवून योहानाचं पहिलं पत्र वाचत होती. पाचव्या अध्यायात तिचं बोट अडलं. जुन्या प्रतीत स्वर्गात साक्ष देणारे तिघे होते, बाप, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि ते तिघे एकच आहेत असं लिहिलं होतं. नव्या प्रतीत ती ओळच नव्हती. नुसता आत्मा, पाणी आणि रक्त.

दुसरी कोणी असती तर छापखान्याची चूक म्हणून पान उलटलं असतं. गोजरबाईने नगरला धर्मशिक्षण देणाऱ्या एका वृद्ध गुरुजींना कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं: ही ओळ सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. मागाहून कोणीतरी लॅटिन प्रतीच्या कडेला टीप लिहिली आणि पुढच्या नकला करणाऱ्यांनी ती आत घेतली.

कार्ड घेऊन ती पाळकांकडे गेली. रेव्हरंड दुशिंगांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"गोजरबाई, बायकांना वाचून दाखवायला ठेवलंय तुम्हाला. शास्त्र तपासायला नाही."

"तपासत न्हाई, पाळकसाहेब. दोनी पुस्तकं मिशनचीच हायत. त्यातलं खरं कोन्तं, येवढंच इचारते."

"दोन्ही खरी," पाळक म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःपुरता.

त्याच दिवसांत श्रीरामपुरात एक प्रचारक हिंडत होता. पांढरा शर्ट, काखेत कातडी पिशवी. बाप, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, हे आमचं त्रैक्य. हा शब्द शास्त्रात कुठेच नाही, सबब त्रैक्य खोटं, हा त्याचा एकमेव धडा. आमच्या मंडळीतली दोन घरं त्याच्यामागे गेली. मग पाळकांना चेव आला. त्रैक्य रविवारी या माणसाचं तोंड कायमचं बंद करतो, असं त्यांनी जाहीर केलं आणि त्याला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायचं आमंत्रणही धाडलं.

तो आला. पहिल्याच बाकावर नवी प्रत उघडून बसला. पाळकांनी आवाज चढवला आणि पुरावा म्हणून काय काढावं? तीच ओळ. एकदा म्हटली, दुसऱ्यांदा हात उंचावून म्हटली. प्रचारक गालातल्या गालात हसत पानावर टिचकी मारत होता. पाळक तिसऱ्यांदा म्हणायला लागले तेव्हा बायकांच्या बाजूने गोजरबाई उभी राहिली.

"पाळकसाहेब, त्या ओळीवर उभं राहू नका. ती योहानानं लिव्हल्याली न्हाई."

प्रचारक टाळी वाजवत उठला. "ऐका! तुमचीच बाई सांगते! बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या!"

"तुझ्या?" गोजरबाई त्याच्याकडे वळली. "शब्द न्हाई म्हून वस्तू न्हाई व्हय रं? शास्त्र हा शब्द तुझ्या पिशवीवर लिव्हलाय का? तरी आत हायच की. येशूचा चेला थोमा जखमा बघून येशूला माझ्या देवा म्हनला. येशूनं त्याला दटावलं का? बाप, पुत्र आन् आत्मा, तिघांच्या एकाच नावानं बाप्तिस्मा द्या म्हनला. नावं न्हाई, नाव. ते तुझ्या पुस्तकात बी हाय. वाच."

प्रचारकाने पान चाळलं, घाम पुसला आणि दुसरं एक वचन काढलं, बाप माझ्याहून थोर आहे असं पुत्र म्हणतो ते.

"व्हय, ते बी हाय," ती म्हणाली. "ते मी लपवीत न्हाई. ते आन् हे, दोनी धरून चालायचं. मला समदं उमगलंय असं मी म्हनत न्हाई. पन देवासाठी खोटा साक्षीदार उभा करायची गरज न्हाई."

एवढं बोलून ती खाली बसली. खरं तर त्या दिवशी देवळात त्रैक्याची बाजू कुणी राखली असेल तर तिने. पण पाळकांना एवढंच ऐकू आलं की मंडळीसमोर एका बाईने आपल्याला अडवलं.

पुढच्या शनिवारी पंच कमिटी बसली. आरोप: त्रैक्याचा इन्कार. गोजरबाई दारापाशी उभी. तिला कुणी बस म्हटलं नाही.

"मी इन्कार केलाच न्हाई," ती म्हणाली. "पन तुमी समदे मानता त्ये काय, येवढं तरी सांगा."

साखर कारखान्यातले मुकादम पुंजाराम उमाप पुढे सरसावले. "त्यात काय अवघड? पाणी, बर्फ, वाफ. एकच, पण तीन रूपं."

"म्हंजी येशू नदीत बाप्तिस्मा घेत हुता तवा बाप आभाळातून बोलला, तो त्योच, आवाज बदलून?"

उमाप पान चघळू लागले. शाळेचे हेडमास्तर सूर्यभान अमोलिक घसा साफ करून म्हणाले, "तसं नाही. दत्ताच्या मूर्तीसारखं समजा. तीन तोंडं, एक धड."

रेव्हरंड दुशिंगांचा चेहरा असा झाला, की मला वहीत तोंड खुपसून हसावं लागलं. तीन देवतांची मूर्ती आणि त्रैक्य यांत फरक काय, हे सांगण्यात त्यांची गेल्या पावसाळ्यातली अख्खी चार प्रवचनं गेली होती, आणि हेडमास्तर चारही वेळा पहिल्या बाकावर होते. झोपलेले.

"मग पाळकसाहेब, तुमी सांगा," गोजरबाई म्हणाली.

"हे गूढ आहे," पाळक म्हणाले. "ठराव लिहा."

मी लिहिला. मला सगळं कळत होतं आणि तरी सुवाच्य अक्षरात लिहिला. पाच सह्या झाल्या. त्यातल्या दोन सह्या, उमापांची आणि हेडमास्तरांची, शास्त्राच्या हिशेबाने ज्यांना मंडळीतून काढायला हवं होतं अशांच्या होत्या.

गोजरबाईचं काम गेलं. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहू लागली. दुपारच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती बसत आणि ती बोट ठेवून वाचे. प्रचारकामागे गेलेल्या दोन घरांपैकी एका घरची रंगुबाई तिथे येऊ लागली. एके दिवशी तिने विचारलं, "खोडल्याली वळ कोन्ती, दाव ना." गोजरबाईने सासूच्या प्रतीत पेन्सिलीने मारलेली रेघ दाखवली. रंगुबाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "जी बाई स्वतःच्या पुस्तकात खोडते, तिच्यावर इश्वास ठेवायला हरकत न्हाई." ते घर परत आलं. पाळकांनी अहवालात ते आपल्या प्रवचनाचं फळ म्हणून नोंदवलं.

चौऱ्याहत्तरला रेव्हरंड दुशिंगांची राहात्याला बदली झाली. तिकडे एका लग्नाला गेलो असताना मी त्यांचं प्रवचन ऐकलं. ती ओळ मूळची नाही, जुन्या हस्तलिखितांत मिळत नाही, हे ते घोळवून सांगत होते. "माझ्या अभ्यासात असं आढळलं" म्हणत होते. लोक माना डोलावत होते.

परत आल्यावर मी तडक गोजरबाईकडे गेलो. ती अंगणात बाजरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिने शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. पाळकांना नाही तर निदान मला.

"बरूबर सांगत हुते का पन?" तिने विचारलं.

"बरोबर सांगत होते."

"लॅटिनच्या कडेची टीप, ते बी?"

"तेही."

तिने सुपातला खडा उचलून फेकला. "तीन वर्सं लागली त्यास्नी," ती म्हणाली, आणि मला बसायला पोतं टाकलं.