बांधलेलं पाणी

निवृत्त झालो, तरी उन्हाळ्यात कुठे बोअरच्या गाडीचा घरघराट ऐकू आला की ती घटना माझ्यासमोर उभी राहते. तेव्हा मी ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नाव कुणाचंच लिहीत नाही. त्या गावातल्या माणसांना अजून एकमेकांशेजारीच राहायचं आहे.

दुपारी पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या. बुढीले खांबाले बांधलं हाये," एवढं दबक्या आवाजात सांगून त्याने फोन ठेवला. स्टेशन डायरीत नोंद केली, जादा कुमक मागवली आणि एक हवालदार व एक महिला शिपाई घेऊन निघालो. कुमक पोहोचायला संध्याकाळ होणार होती.

प्रकरण असं होतं. एका शेतकऱ्याने जंगलाकडच्या शेतात बोअर मारली. दोनशे फुटांखाली पाणी लागलं, फवारा उडाला, नारळ फुटला. पूजेला गावातली एकटी राहणारी म्हातारी आली. तिला कुणी प्रसाद दिला नाही, म्हणून ती पुटपुटत परत गेली. पुढे मोटर उतरवण्याआधी मालकाने बोअरमध्ये खडा टाकून पाहिला. पाण्यात पडल्याचा आवाज नाही, नुसता कोरडा ठोका. जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला बोलावलं. आपली जागा चुकली, असं तो कशाला म्हणेल? कोणीतरी करणी करून पाणी बांधलं, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांना पूजेच्या दिवशीची म्हातारी आठवली.

चौकात विजेच्या खांबाला तिला नायलॉनच्या दोरीने बांधलं होतं. दिवस मावळायच्या आत पाणी सोड, नाहीतर गाव सोड, असं तिला बजावलं होतं. ती मान वर करून म्हणाली, "अरे, मायानं चालनं होत नाई, मी पाणी कुठून चालवू?" दोघंतिघं हसले, पण दोरी कुणी सोडली नाही. आम्ही पुढे झालो तर लोक आडवे आले. तिघांनी बळ वापरलं असतं, तर पहिला दगड तिलाच लागला असता. मी जमावाला म्हणालो, आधी बोअर तपासतो, मग बोला. महिला शिपायाला म्हातारीजवळ उभं केलं.

शेतावर दोरीला दगड बांधून खाली सोडला. वीसेक फुटांवरच तो अडकला. बोअर आटली नव्हती, कोणीतरी ती बुजवली होती. सळई वाकवून आकडा केला आणि दोन पंचांसमोर आत फिरवला. बऱ्याच खटपटीनंतर लुगड्याचा एक चिंधा वर आला. उन्हाने विटलेला, एका टोकाला तारेची गाठ. रानडुकरांना बुजवायला आमच्याकडे शेताभोवती जुनी लुगडी बांधतात, त्यातलाच तो होता. मी धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधावरून, चालत गेलो. शेजारच्या शेताच्या कुंपणात एका ठिकाणी लुगड्याऐवजी ताजी बोराटी, बोरीची काटेरी फांदी, लावलेली दिसली. दोन्ही बाजूंच्या लुगड्यांचा काठ चिंध्याच्या काठाशी जुळत होता.

त्या शेताचा मालक जमावातच होता. मला तो आधीच खटकला होता. सगळे म्हातारीकडे बघत होते आणि हा एकटाच जमिनीकडे. त्याला ग्रामपंचायतीच्या खोलीत बसवलं. आधी त्याने सगळं नाकारलं. मी चिंधा टेबलावर ठेवला. बाहेरून जमावाचा गलका येत होता.

"भाऊ, दिवस मावळून राह्यला," मी म्हणालो. "त्या बाईचं काय करायचं, तूच सांग."

त्याने चिंधा जवळ ओढला. "मायी बायको बोडीच्या तळ्यावर वाघानं मारली, साहेब. वाघ पाण्यावर आला होता. आता हा मायाच धुऱ्याले पाणी काढून राह्यला. पाणी आलं का वाघ येईन. पोरगी मायी त्याच वाटेनं शाळेत जाते. मले वाटलं, बोर आटली म्हनतीन आन् चुप बसतीन. बुढीचं नाव येईन, हे नवतं वाटलं."

"आलं तेव्हा बोलला काऊन नाई?"

त्याने चिंधा माझ्याकडे परत सरकवला.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून ज्या बांबूने त्याने लुगड्यात बांधलेले दगड ठासले होते, तो त्याच्याकडून पंचांसमोर काढून घेतला आणि पंचनामा केला. मग त्याला चौकात उभं करून हेच बोलायला लावलं. बोअरच्या मालकानेच पुढे होऊन दोरी सोडली. लोक बोअर मोकळी करायला शेताकडे पळाले. म्हातारीला पाणी द्यायला कुणी थांबलं नाही. महिला शिपायाने आपली बाटली दिली.

तपास लागल्याचं समाधान मला होतं. तिला म्हणालो, "बाई, झालं आता. तुमचं काही नव्हतं, सगळ्यांना कळलं."

सोललेली मनगटं चोळत ती म्हणाली, "साहेब, बोर खरंच आटली असती, तं?"

मी तिला गाडीत बसवलं आणि ठाण्यात आधी तिची फिर्याद नोंदवून घेतली. बांधणाऱ्यांत पहिलं नाव बोअरच्या मालकाचं होतं, दुसरं पाणाड्याचं. शेजाऱ्यावर नुकसानीचा वेगळा गुन्हा लागला.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कायदा मला ज्यांनी शिकवला, त्यांचे उपकार मी मानतो. पण जमिनीखाली पाणी असो वा नसो, वर माणसाला बांधणं हा गुन्हाच आहे. एका माणसाचं निर्दोषपण बोअरच्या तळाशी शोधायचं नसतं, हे मला खांबाला बांधलेल्या त्या बाईने शिकवलं.